आधी नाव जातं

चोरलेला लेख ओळखायचा असेल तर तो मधून वाचावा. सुरुवात आणि शेवट ढापणारा माणूस बदलतो. मधल्या भागाला हात लावायचा त्याला कंटाळा असतो. पोळ्याच्या आसपास नागपुरात मारबतीवरचे, म्हणजे मिरवून जाळल्या जाणाऱ्या पुतळ्यांवरचे, लेख फिरायला लागतात तेव्हा हे फार स्वच्छ दिसतं. कुणीतरी इतवारी-महालातल्या जुन्या माणसांना भेटून, काळ्या आणि पिवळ्या मारबतीची माहिती जुळवून, बडग्यांवरच्या, म्हणजे सोबत निघणाऱ्या थट्टेच्या पुतळ्यांवरच्या, टोमण्यांचे नमुने गोळा करून हजारभर शब्द लिहिलेले असतात. पहिल्या फेरीत लेख जसाच्या तसा जातो, फक्त खालचं नाव गळतं. दुसऱ्या फेरीत वर 'नागपूरकरांनो, हे तुम्हाला माहीत आहे का?' अशी ओळ चढते आणि खाली 'आवडल्यास नक्की शेअर करा' येतं. तिसऱ्या फेरीत भलत्याच कुणाचं नाव लागतं, बहुधा एखाद्या प्रसिद्ध लेखकाचं, कारण अनोळखी नावापेक्षा ते जास्त पळतं. शेवटी मजकूर कुठल्यातरी बातम्यांच्या संकेतस्थळावर जाहिरातींच्या मधोमध जाऊन बसतो आणि लेखक म्हणून तिथे 'वेब टीम' असते. मधला परिच्छेद या सगळ्या प्रवासात जागचा हललेला नसतो. मूळ लेखकाची शुद्धलेखनाची एखादी चूकसुद्धा शाबूत असते. मारबतीच्या मिरवणुकीत दरवर्षी नवे बडग्ये निघतात. लेखचोराचा एखादा निघायला हरकत नाही.

विचारायला गेलं तर उत्तर ठरलेलं: 'मले तं ग्रुपवर आलं होतं जी. तुमचं हाय हे मले काय मालूम?'

हा बचाव अगदीच पोकळ नाही, हे आधी लक्षात घ्यावं. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५५ सांगतं की, या मजकुरावर कुणाचा हक्क असेल असं मानायला आपल्याकडे काही कारण नव्हतं हे समोरच्याने सिद्ध केलं, तर त्याच्याकडून नुकसानभरपाई मिळत नाही. मनाई हुकूम आणि त्याने त्यातून कमावलेल्या नफ्याचा हिस्सा, एवढंच पदरात पडतं. म्हणून लेखाखाली नाव, वर्ष आणि 'सर्व हक्क राखीव' ही ओळ घालावी. भारतात हक्क मिळवण्यासाठी ती लागत नाही, मजकूर लिहून झाला की हक्क आपोआप तयार होतो. पण 'मालूम नव्हतं' म्हणणाऱ्याची वाट ती ओळ अडवते. तिचा दुसरा उपयोग फारच थोड्यांना ठाऊक असतो. कलम ५२ मधल्या एका पोटकलमाने वृत्तपत्रं आणि नियतकालिकांना चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयांवरचा लेख पुन्हा छापायची मुभा दिली आहे, लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवला नसेल तर. नागपूरच्या मिहान औद्योगिक प्रकल्पातल्या रोजगारावर किंवा संत्र्याच्या भावावर लेख लिहिणाऱ्याने ती ओळ गाळली, तर दुसऱ्या दिवशी एखाद्या दैनिकात तो दिसला तरी तक्रारीला धार उरत नाही.

या सगळ्या भांडणात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवल्या जातात, श्रेय आणि हक्क. खाली 'साभार' आणि लेखकाचं नाव घालून पूर्ण लेख आपल्या संकेतस्थळावर चढवणारा श्रेय देतो, तरीही हक्क मोडतोच. परवानगी मागायची राहिली ती राहिलीच. उलट सावनेरला १९१९ साली वारलेल्या राम गणेश गडकऱ्यांचा उतारा कुणी स्वतःच्या नावावर खपवला तर हक्क कुणाचाच मोडत नाही, पण ती चोरी आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मराठीत जालावर लिहिणाऱ्या बहुतेकांचं खरं दुखणं हक्काचं नसतं, श्रेयाचं असतं. नाव असतं तर त्यांनी लेख आनंदाने फिरू दिला असता. आणि तरी तक्रार लिहिताना ते हक्काची भाषा वापरतात, दोन लाखांची नोटीस पाठवायच्या गोष्टी करतात आणि चार दिवसांनी सोडून देतात. आपल्याला नेमकं काय हवं आहे, नाव, मजकूर उतरवणं की पैसे, हे तक्रारीच्या आधी ठरवलं तर निम्मी दगदग वाचते. नाव मागण्यालाही कायद्याचा आधार आहे. कलम ५७ नुसार, हक्क विकून टाकल्यावरसुद्धा 'हे मी लिहिलं आहे' असं म्हणण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो, आणि त्याच्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड थांबवण्याचाही. लेखाच्या शेवटी कुणी आपल्या पदरचं विखारी वाक्य जोडलं असेल तर बोट याच कलमावर ठेवावं.

मुदतीचा हिशेब सोपा आहे आणि तरी तो सर्रास चुकतो. लेखक ज्या वर्षी जातो त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. पूर्वी ही मुदत ५० वर्षं होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला तेव्हा १९९२ साली ती वाढवली गेली. तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनांची मुदत ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत. सुरेश भट २००३ साली गेले, मुदत २०६३ च्या अखेरपर्यंत. कवी ग्रेस २०१२ साली, म्हणजे २०७२. मोकळा झालेला मजकूर आणि 'सगळीकडे फिरतोय म्हणून मोकळा वाटणारा' मजकूर यांच्यात केवढं अंतर असतं ते या आकड्यांत दिसतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१६ संपताना मोकळं झालं. मात्र दीक्षाभूमीवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवरून घेतलेला त्याचा मराठी अनुवाद उचलून जालावर टाकला तर गोष्ट बदलते. अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, त्याची ६० वर्षं त्याच्या मृत्यूपासून मोजली जातात. नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि तळटीपाही तशाच. मूळ इंग्रजी घ्यावं आणि आपण अनुवाद करावा, ते निर्धोक.

हेच उलट्या दिशेनेही लागू आहे. आपल्या शहरात मराठी लेखाचं हिंदी करून टाकणं इतकं सहज घडतं की करणाऱ्याला त्यात काही गैर वाटतच नाही. अनुवाद करू देणं किंवा न देणं हा मूळ लेखकाचा हक्क आहे. भाषा बदलली म्हणून मजकूर नवा होत नाही. यंत्राकडून शब्द फिरवून घेतला तरीही नाही, जोवर वाक्यांचा क्रम, उदाहरणांची निवड आणि मांडणी तीच आहे.

आता लेखकांना न आवडणारी बाजू. माहितीवर कुणाचाही हक्क नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितलं की कल्पना, विषय, कथानकाचा गाभा आणि ऐतिहासिक तथ्यं यांवर कॉपीराइट नाही. तो आहे मांडणीवर. २००७ साली डी. बी. मोडक खटल्यात त्याच न्यायालयाने हेही म्हटलं की नुसते कष्ट पुरत नाहीत, किमान थोडी सर्जनशीलता लागते. म्हणजे महिनाभर जुनी दप्तरं चाळून शोधलेली तारीख दुसऱ्याने आपल्या वाक्यात वापरली तर न्यायालयात काही हाती लागणार नाही. संदर्भ न देणं हा त्याचा उद्धटपणा, एवढंच. पाककृतीत हे छान दिसतं. सावजी रश्शाला खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, जवसाचं तेल किती, ही यादी कुणाच्याही बापाची नाही. पाटोड्या कशा थापायच्या ही कृतीही नाही. पण 'बेसनाचा गोळा कढईचा तळ सोडून उलथन्याभोवती फुगडी घालायला लागला की गॅस बंद' असं एखादीने लिहिलं असेल तर ते वाक्य तिचं आहे, आणि सोबतचा फोटोही तिचा. साहित्य तेच, कृती आपल्या शब्दांत, फोटो आपला: एवढं केलं की दुसऱ्याची पाककृती बिनदिक्कत लिहावी. 'ही रीत अमक्यांकडून शिकले' ही ओळ घालायला खर्च येत नाही.

उद्धृत किती करता येतं, हा नेहमीचा प्रश्न. कायद्यात शब्दांचा आकडा नाही, टक्काही नाही. टीका, परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन, खाजगी अभ्यास यांसाठी वाजवी वापर चालतो आणि वाजवी काय ते त्या-त्या प्रकरणात ठरतं. '१० टक्के चालतं' ही समजूत बहुधा विद्यापीठांतून पाझरली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांत प्रबंधांसाठी पातळ्या ठरवल्या आहेत: १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करायला बंदी, ६० च्या वर नोंदणीच रद्द. नागपूर विद्यापीठाच्या संशोधकालाही तेच लागू. हा नियम पदवी देण्या-न देण्यापुरता आहे, त्याचा कॉपीराइटशी संबंध नाही. आणि साम्य मोजणारं सॉफ्टवेअर जुन्या मराठी फॉन्टमधल्या पीडीएफपुढे हतबल असतं. पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आतून तिथे इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, त्यामुळे पूर्ण उचललेला प्रबंधही शून्य टक्के साम्य दाखवू शकतो. कवितेच्या बाबतीत तर टक्केवारी हास्यास्पद ठरते. चारोळी 'फक्त चार ओळी' म्हणून उद्धृत केली की पूर्ण कृती उचलली गेली. गझलेतला एक शेर रसग्रहणात घेणं वेगळं, आणि त्याच शेराचा आकाशकंदिलाच्या चित्रावरचा शुभेच्छापट करून पानाची जाहिरात करणं वेगळं.

समजा आपला लेख चोरीला गेला. पहिली चूक इथेच होते: माणूस तडक चोराच्या पोस्टखाली जाऊन भांडतो. दहा मिनिटांत पोस्ट गायब होते, पुरावाही जातो, आणि आठवड्याने तोच मजकूर दुसऱ्या नावाने परत येतो. आधी नोंद, मग तोंड, हा क्रम कितीही राग आला तरी मोडू नये.

शोधण्यापासून सुरुवात करू. मधल्या परिच्छेदातलं सात-आठ शब्दांचं, शक्यतो विशेषनाम असलेलं वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. पण मराठीत इथे एक खोच आहे. 'दुसऱ्या' हा साधा शब्द घ्या. त्यातला तो आडवा र काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून घडवतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यामागे डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. यंत्राच्या दृष्टीने दोन वेगळे शब्द. ॲ चंही तसंच: कुणी एकच अक्षर टाकतं, कुणी अ वर चंद्र चढवतं. चोराने मजकूर कुठल्या रूपांतर-साधनातून फिरवला असेल तर ही अक्षरं बदललेली असतात आणि शोध कोरडा परत येतो. तेव्हा शोधवाक्य निवडताना 'कोपऱ्यावर', 'पुऱ्या', 'ॲप' असले शब्द टाळावेत. आकडेही टाळावेत, कारण देवनागरी अंक इंग्रजी झालेले असू शकतात. ह्रस्व-दीर्घाची आपली जी ठरलेली चूक असते ती मात्र मुद्दाम एका शोधात घ्यावी. जगात दोनच ठिकाणी तीच चूक त्याच वाक्यात सापडली, तर तो योगायोग होता हे पटवून देणं समोरच्याला जड जातं. काहीजण म्हणून लेखात एखादी निरुपद्रवी खूण पेरूनच ठेवतात, जुन्या वळणाचं लेखन किंवा मुद्दाम उलटा केलेला शब्दक्रम. खोटी माहिती मात्र खूण म्हणून पेरू नये. ती चोरांमार्फत गावभर होते आणि मग खरीच होऊन बसते.

सापडलं की पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट, वरचा पत्ता आणि संगणकावरची तारीख-वेळ दिसेल असा. मोबाइलवर नुसता मजकुराचा तुकडा कापून घेतलेला फोटो जवळजवळ निरुपयोगी. त्यानंतर ते पान वेबॅक मशीनवर जतन करायचं. पत्ता दिला की ते संग्रहस्थळ पानाची प्रत आपल्या तारखेनिशी ठेवतं, आणि ती तारीख आपल्याही हातात नसते, हेच तिचं मोल. आपलं मूळ पानही तिथेच जतन करावं. खरं तर लेख टाकला त्याच दिवशी करावं. कारण ब्लॉगवर दिसणारी प्रकाशनाची तारीख कुणीही मागेपुढे करू शकतो. चोरही. आपल्या आधीची तारीख टाकून 'उलट तुम्हीच माझं उचललं' म्हणणारे महाभाग आहेत. कच्चे खर्डे, बदलांचा इतिहास, संपादकाला पाठवलेला ईमेल, मुलाखतीच्या ध्वनिमुद्रणाच्या फाइली, हे सगळं एका फोल्डरात ठेवावं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने लेख पाठवून पाकीट बंद ठेवायची जुनी युक्ती अजून सांगितली जाते. कायद्यात तिला विशेष स्थान नाही.

प्रकरण न्यायालयात जाण्याची थोडीही शक्यता वाटत असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ पाहावं. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायचं. हे मूल्य म्हणजे फाइलमधून गणिताने निघणारी अक्षरांची लांब ओळ. फाइलमधला एक अनुस्वार बदलला तरी ती ओळ पूर्ण बदलते. म्हणून स्क्रीनशॉट घेतल्यावर तो कापू नये, त्यावर लाल वर्तुळं काढू नयेत, व्हॉट्सॲपवरून पाठवून तीच प्रत मूळ म्हणून ठेवू नये. वर्तुळं काढायची ती वेगळ्या प्रतीवर.

मग पत्र. पहिलं चोरालाच, दोन-तीन वाक्यांचं: अमुक पत्त्यावरचा मजकूर माझ्या अमुक लेखातला आहे, परवानगी नव्हती, अमुक दिवसापर्यंत उतरवा किंवा नाव आणि दुवा द्या. शिव्या नकोत, कलमांची रांग नको. अनेकजण एवढ्यावर ऐकतात. उगाच फौजदारीची धमकी तर अजिबात नको. आपला दावा पोकळ निघाला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ६० खाली, निराधार धमकी दिली म्हणून तोच आपल्यावर दावा लावू शकतो.

ऐकलं नाही तर त्याला जागा देणाऱ्याकडे जायचं. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, ब्लॉगर, वर्डप्रेस डॉट कॉम या सगळ्यांचे तक्रार अर्ज अमेरिकेच्या १९९८च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइट कायद्याच्या साच्यातले आहेत. मूळ लेखाचा पत्ता, चोरीच्या पानाचा पत्ता, आपला संपर्क, 'माझ्या प्रामाणिक समजुतीनुसार हा वापर विनापरवाना आहे' आणि 'दिलेली माहिती अचूक आहे आणि मी हक्कधारक आहे, हे खोटं असल्यास खोट्या साक्षीच्या शिक्षेला पात्र आहे' अशी विधानं, आणि सही म्हणून पूर्ण नाव. अनेक अर्ज फेटाळले जातात ते एका साध्या कारणाने: पत्ता पूर्ण संकेतस्थळाचा दिलेला असतो, त्या पानाचा नव्हे. दहा लेख चोरले असतील तर दहा जोड्या द्याव्या लागतात. यूट्यूबवर लेख वाचून दाखवणारे चॅनल असतात. तिथे व्हिडिओत कितव्या मिनिटापासून आपला मजकूर सुरू होतो तेही लिहावं. ९० दिवसांत तीन स्ट्राइक, म्हणजे अशा तक्रारींवरून बसलेले ठपके, झाले की तिथे चॅनल बंद होऊ शकतो, त्यामुळे हा अर्ज तिथे चांगला चालतो. समोरच्याने 'मजकूर चुकून उतरवला, परत लावा' अशी उलट-नोटीस दिली तर मात्र आपण न्यायालयात गेल्याचं दाखवावं लागतं. नाहीतर डीएमसीएप्रमाणे १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत मजकूर परत चढतो. आणखी एक सांगून ठेवायला हवं: तक्रारीतलं आपलं नाव आणि संपर्क समोरच्यापर्यंत पोहोचू शकतो, आणि गूगलकडे केलेल्या तक्रारी ल्युमेन नावाच्या सार्वजनिक संग्रहात जातात. टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा.

स्वतंत्र संकेतस्थळ असेल तर ते कुठल्या सर्व्हरवर आहे ते शोधावं लागतं. हू-इज या संकेतस्थळांच्या नावांच्या नोंदीत दिसतो तो बहुधा नाव विकणारा, जागा देणारा वेगळाच असतो. मध्ये क्लाउडफ्लेअर, म्हणजे मूळ सर्व्हर झाकणारी मधली सेवा, असेल तर त्यांच्या अर्जातून तक्रार पुढे जाते. हे सगळं थकलं तर गूगलला शोध-निकालांतून ते पान काढायला सांगावं. पान राहतं, पण तिथे येणारी वर्दळ आटते. जाहिराती गूगलच्या असतील तर त्या विभागाकडेही वेगळी तक्रार करता येते, आणि चोराला खरा चटका तिथे बसतो.

भारतीय कायद्यातही हा रस्ता आहे. कलम ५२ आणि २०१३च्या नियमावलीतला नियम ७५ यांप्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यावर मजकूर साठवणाऱ्याने ३६ तासांत पावलं उचलायची आणि २१ दिवस तो बंद ठेवायचा. मेख अशी की त्या तक्रारीतच 'मी सक्षम न्यायालयात दावा दाखल करून २१ दिवसांत आदेश सादर करेन' अशी हमी द्यावी लागते. आदेश आला नाही तर मजकूर पुन्हा सुरू होऊ शकतो. म्हणून दावा करायचा नसेल तर डीएमसीएचा रस्ता सोयीचा पडतो, भले तो परका असो.

व्हॉट्सॲपच्या गटांत यातलं फारसं काही चालत नाही. संदेश कूटबद्ध असतात, मूळ कुठून सुटला ते सापडत नाही, आणि सापडला तरी काका-मावश्यांच्या गटावर दावा कोण लावणार? तिथे उपाय एकच, नाव मजकुराच्या पोटात विणायचं. खालचं नाव गळतं. 'असं मला एका कारागिराने सांगितलं' हे वाक्य राहतं, पण त्याने काही सिद्ध होत नाही. आपल्या आधीच्या लेखाचा, ब्लॉगच्या नावाचा उल्लेख मधल्या परिच्छेदात वाक्याचा भाग म्हणून आला असेल तर तो काढायला चोराला वाक्य नव्याने लिहावं लागतं, आणि तेच तर त्याला करायचं नसतं. आपल्याच जुन्या लेखांचे दुवे मजकुरात असतील तर आणखी बरं. यंत्राने फीड, म्हणजे ब्लॉगमधून आपोआप बाहेर जाणारी लेखांची प्रत, उपसून छापणारी संकेतस्थळं ते दुवे तसेच ठेवतात आणि वर्डप्रेस आपल्याला पिंगबॅकने, म्हणजे कुणी आपला दुवा दिल्याच्या आपोआप येणाऱ्या सूचनेने, चोरीची खबर देतं. फीडमध्ये पूर्ण लेखाऐवजी सारांश ठेवायचं सेटिंग 'रीडिंग' विभागात आहे, ते आजच बदलून टाकावं. उजवं क्लिक बंद करणारे कोड मात्र टाकू नयेत. चोर फोटो काढून त्यातली अक्षरं यंत्राकडून ओळखून घेतो. त्रास होतो तो अंध वाचकाला.

फोटोंचं थोडक्यात. ताडोब्यातल्या वाघिणीचे फोटो वॉटरमार्क, म्हणजे नावाची खूण, असलेला कोपरा कापून फिरवले जातात, म्हणून खूण कोपऱ्यात नको, अंगावर हवी. व्हॉट्सॲप फोटोच्या पोटातली कॅमेऱ्याची माहिती पुसतं, तेव्हा कॅमेऱ्यातली मूळ फाइल हाच पुरावा. ती जपावी, पूर्ण आकारातली प्रत जालावर टाकू नये. झिरो माइलसारख्या सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा वा वास्तूचा फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही, पण दुसऱ्याने काढलेला फोटो त्याचाच. आणि पैसे घेऊन काढलेल्या लग्नाच्या फोटोंवर, वेगळा करार नसेल तर, कलम १७ प्रमाणे पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा असतो. छायाचित्रकारांनी हे वाचून दचकू नये, करार करावा.

करारावरून आठवलं. 'मानधन देऊ' म्हणून लेख घेणाऱ्या संकेतस्थळाला हक्क गेले असं लेखक आणि संकेतस्थळ दोघंही धरून चालतात. कलम १९ नुसार हक्क हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, त्यात कोणते हक्क, किती काळ, कुठे आणि किती मोबदला हे हवं. काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षं धरला जातो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, आणि घेणाऱ्याने वर्षभरात तो हक्क वापरलाच नाही तर, करारात वेगळं ठरलं नसल्यास, तो परत येतो. पगारी पत्रकाराचं वेगळं आहे. नियतकालिकासाठी नोकरीत लिहिलेल्या मजकुरावर छापण्यापुरता हक्क मालकाचा, बाकी लेखकाचा. अर्थात नेमणूकपत्रात सही करताना काय देऊन टाकलं ते आधी वाचावं.

न्यायालयात जायचं तर नागपूरच्या लेखकाला दिल्ली-मुंबई गाठायची गरज नाही. कलम ६२ नुसार तो जिथे राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, चोर कुठलाही असो. भरपाईसाठी मुदत ३ वर्षांची. दाव्याचं मूल्य ३ लाखांपासून पुढे असेल तर तो व्यापारी न्यायालयाचा विषय होतो आणि तातडीचा मनाई हुकूम मागितलेला नसेल तर आधी मध्यस्थी करावी लागते. नोंदणी सक्तीची नाही, पण लेखसंग्रहाची ५०० रुपये भरून केलेली नोंदणी न्यायालयात प्रथमदर्शनी पुरावा ठरते. अर्ज ऑनलाइन होतो, हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. एकट्या लेखासाठी हा खटाटोप परवडत नाही, पुस्तक होण्याजोग्या मालिकेसाठी जरूर करावा. फौजदारीही आहे: कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सांगितलं. हे हत्यार पुस्तकांच्या बनावट प्रती छापणाऱ्यांसाठी ठेवावं. एका लेखासाठी पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवस घालवण्यात शहाणपण नाही.

बरीच प्रकरणं त्याआधीच मिटतात, आणि मिटवतानाच घोटाळा होतो. समजा जालावरचा लेख एखाद्या दिवाळी अंकाने न विचारता छापला. संपादकांचा फोन येतो, 'अहो, मुलाने नेटवरून घेतलं, पुढच्या अंकात तुमचं नाव टाकतो, राग मानू नका.' राग मानू नये, पण फोनवर हो म्हणू नये. ईमेल मागावा. त्यात चार गोष्टी असाव्यात: लेख कुणाचा होता याची कबुली, अंकाच्या जालावरच्या पीडीएफमध्ये आठ दिवसांत नाव घालणं, पुढच्या अंकात वाचकाला सापडेल अशा जागी दुरुस्ती, आणि त्या अंकाच्या नेहमीच्या दराने मानधन. उत्तर देताना आपण लिहायचं की ही परवानगी फक्त या एका अंकापुरती, छापील आणि त्याच पीडीएफसाठी आहे; पुनर्मुद्रण, अनुवाद, ध्वनिरूप यांसाठी पुन्हा विचारावं लागेल. ही ओळ राहून गेली तर पुढच्या दिवाळीत तोच लेख 'निवडक' म्हणून परत छापला जातो, आणि विचारलं की म्हणतात, गेल्या वर्षी तुम्हीच तर हो म्हणाला होतात.